खुडूक न बसणारी कोंबडी

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा या गावाचे नाव अचानक महाराष्ट्रभर झाले. तेथील एका बचत गटाच्या कुक्कुटशाळेत काही दिवसांच्या आत आठशे ते नऊशे कोंबड्या मरून पडल्या. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि ११ जानेवारीस बर्ड फ्लूचे निदान जाहीर झाले. त्यानंतर रूढ नियमाप्रमाणे एक किलोमीटरच्या परिघातील सर्व पाळीव पक्षी नष्ट करण्याचे आणि दहा किलोमीटरच्या परिघात कोंबड्यांची ने-आण व विक्री थांबविण्याचे आदेश निघाले. साथीच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु नकाशावर काढलेले वर्तुळ हजारो पक्ष्यांची शेड आणि मातीच्या भिंतीला टेकलेले पाच कोंबड्यांचे खुराडे यांत भेद करीत नाही. पहिल्याच्या मागे कर्जाची फाईल असते, हिशेबाची वही असते, एखादी संघटनाही असते. दुसऱ्याच्या मागे एक बाई असते आणि तिचा हिशेब तिच्या डोक्यात असतो.

भरपाईचा नियमही ध्यानात घेण्याजोगा आहे. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची नव्हे. त्या वेळी आठ आठवड्यांवरील अंड्याच्या कोंबडीसाठी ९० रुपयांचा दर होता. आठवडी बाजारात गावरान कोंबडीला याच्या कितीतरी पट भाव येतो, हे परभणीतच काय, कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन पाहता येईल. म्हणजे ज्या घरात कोंबड्या पहिल्याच दिवशी मेल्या त्या घरास काहीच नाही आणि ज्या घरातील कोंबड्या धडधाकट असताना मारल्या गेल्या त्या घरास किमतीचा एक अंश. या घटनेच्या निमित्ताने जो प्रश्न विचारला जावयास हवा होता तो मात्र विचारला गेला नाही. परसात कोंबडी ठेवणाऱ्या कुटुंबाचे या धंद्यातील स्थान नेमके काय आहे, आणि त्या कोंबडीवर खरी सत्ता कोणाची आहे?

मराठवाड्याच्या कोरडवाहू गावात कोंबडी ही भूमिहीनांची गुरे होत. ज्याला बैल ठेवणे परवडत नाही तो शेळी ठेवतो आणि ज्याला शेळीही परवडत नाही त्याच्या दारात कोंबड्या असतात. त्यांचा पैसा बहुधा बाईच्या हाती राहतो. मुलाची वही, दवाखान्याची फी, माहेरचा पाहुणा, सणाचे तेल हे सारे अंड्यांतून आणि एखाद्या कोंबड्याच्या विक्रीतून निघते. या अर्थव्यवस्थेचे सामर्थ्य तिच्या उत्पन्नात नसून तिच्या खर्चात आहे. गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते, हे उत्पन्न थोडे खरे. पण ती उकिरडा उकरून, खळ्यावरची सांडलेली ज्वारी वेचून, किडे-मुंग्या खाऊन जगते आणि स्वतःच खुडूक बसून एकवीस दिवसांत आपली पुढची पिढी उभी करते. तिला उबवणी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, बाजार लागत नाही. भांडवलाचे पुनरुत्पादन भांडवलाच्याच पोटी होते, असे उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून क्वचितच सापडेल.

या व्यवस्थेत विज्ञानाने भर घातली ती सुधारित जातींच्या रूपाने. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराजा, या जाती परसासाठीच घडविल्या गेल्या. रंगीत पिसे, काटक अंग आणि परसातही वर्षाला शंभराच्या वर, काही जातींत दीडशेच्या आसपास अंडी, हे त्यांचे गुण होत. ही सारी निर्मिती सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक संस्थांत झाली आहे. ती समाजाची संपत्ती आहे. तेव्हा जुने तेवढे सोने म्हणून या कोंबडीकडे पाठ फिरविणे हा भाबडेपणा ठरेल. अंड्यांची संख्या दुप्पट होणे ही कुपोषणाने ग्रासलेल्या प्रदेशात क्षुल्लक गोष्ट नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार माणशी वर्षाला १८० अंडी मिळावयास हवीत. देशातील सरासरी उपलब्धता अद्याप शंभराच्या घरात आहे आणि सरासरीत शहरांचा वाटा मोठा आहे.

परंतु उबवणी केंद्रातून आलेले पिलू आपल्याबरोबर चार गरजा घेऊन येते आणि त्यांतील एकही गरज गरिबाच्या मापाने बेतलेली नाही.

पहिली गरज उबेची. आईच्या पंखाखाली न वाढलेल्या पिलाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करावी लागते. एरवी हे काम कोंबडी फुकट करते. येथे ते विजेच्या दिव्याने करावे लागते. परभणीच्या बोचऱ्या थंडीत मध्यरात्री वीज गेली की पिले उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी बाई टोपली उघडते तेव्हा तिचे निम्मे भांडवल बुडालेले असते. दुसरी अडचण मापाची. पिले शंभराच्या खोक्याने येतात. तिला हवी असतात दहा. यासाठीच चार-सहा आठवडे पिले वाढवून मग ती घरोघर देणाऱ्या संगोपन केंद्रांची कल्पना पुढे आली. ती सर्वथा योग्य आहे. ऊब, पहिल्या लसी आणि सुरुवातीची मरतूक हा सारा जोखमीचा भाग एका ठिकाणी, जाणत्या हाती राहावा आणि बाईच्या दारी यावी ती धडधाकट तलंग, हा त्यामागील विचार. पण अशी केंद्रे किती गावांच्या आवाक्यात आहेत? महाराष्ट्र शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर व औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे आहेत. पालम किंवा गंगाखेडच्या एखाद्या वस्तीपासून यांतील सर्वांत जवळचे केंद्रही कोसो दूर.

तिसरी गरज लशीची. १९२७ साली कुमाऊँतील राणीखेत येथे भारतात प्रथम नोंदल्या गेलेल्या आणि त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगास खेड्यात 'मानमोडी' म्हणतात. तो आला की गावचे गाव ओस पडते. त्यावरची लस स्वस्त आहे, परिणामकारक आहे आणि तरीही परसातील कोंबडीपर्यंत पोहोचत नाही. कारण साधे आहे. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. ती थंडाव्यात ठेवावी लागते आणि एकदा विरघळविली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीने नव्वद मात्रा फेकून द्यावयाच्या काय? म्हणून ती लस घेतच नाही आणि पुढच्या साथीत दहाही कोंबड्या जातात. येथे अज्ञानाचा किंवा आळसाचा संबंध नाही. एकटीने घेतली तर न परवडणारी आणि वीस घरांनी मिळून घेतली तर नगण्य खर्चाची, अशी ही वस्तू आहे. सहकार हा शब्द साखर कारखान्याच्या धुराड्याशी जोडण्याची सवय महाराष्ट्रास लागली आहे. पण सहकाराचे अधिक शुद्ध उदाहरण लशीच्या या कुपीत आहे.

चौथी गरज, आणि सर्वांत गंभीर, ती पुढच्या पिढीची. कोंबडी खुडूक बसली की कित्येक आठवडे अंडी देत नाही. म्हणून अधिक अंड्यांसाठी निवड करताना खुडूक बसण्याची वृत्तीच पैदासकारांनी घालवून टाकली. सुधारित कोंबडी अंडी देते, उबवीत नाही. गावरान कोंबडीखाली तिची अंडी ठेवता येतात हे खरे. पण त्यातून निघालेल्या पिढीत मूळ गुण सारख्या प्रमाणात उतरतीलच असे नाही. परिणामी दर वर्ष-दीड वर्षाने पुन्हा उबवणी केंद्राच्या दारी जावे लागते. परभणीच्या कापूस उत्पादकास ही गोष्ट समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पूर्वी घरच्या सरकीतून पेरणी होई; संकरित आणि पुढे बीटी वाणांनंतर बियाणे दरवर्षी विकत घेण्याची पाळी आली. उत्पन्न वाढले, त्याबरोबर परावलंबनही वाढले आणि भाव पडले त्या वर्षी बियाण्याचे कर्ज तेवढे मागे उरले. जे शेतात घडले तेच खुराड्यात घडावयाचे काय, हा प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. स्वस्त अंडे पुरविण्याचे काम मोठा उद्योग चोख करीत असताना परसातल्या दहा कोंबड्यांचे कौतुक कशासाठी? उद्योगाचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. १९७१ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या वेंकटेश्वर हॅचरीज आणि १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती यांनी या व्यवसायाचे रूप बदलले. परंतु २०१९ च्या पशुगणनेचे आकडे वेगळीच गोष्ट सांगतात. देशातील सुमारे ८५ कोटी कोंबडीवर्गीय पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले होते आणि २०१२ च्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. व्यापारी कुक्कुटशाळांतील वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास होती. अर्थात मरावयास टेकलेला हा धंदा नव्हे. लोकांनी तो जिवंत ठेवला आहे. राज्यकर्त्यांचे लक्ष तेवढे त्यावर नाही.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. एका घराभोवतीचा परिसर दहा-पंधरा कोंबड्यांचे पोट भरू शकतो. दहांनी लाभ झाला म्हणून शंभर घेतल्या की खाद्य विकत आणावे लागते आणि ते विकत आणले की परसाची सारी किफायत नाहीशी होऊन उद्योगाचा खर्च अंगावर येतो. उद्योगाची सौदाशक्ती मात्र येत नाही. या खाद्यात मका आणि सोयाबीनची पेंड. परभणी जिल्हा सोयाबीन पिकवितो, ते कच्चे विकतो आणि त्याचीच पेंड खाद्याच्या पोत्यातून चढ्या भावाने परत घेतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पेंडीचे भाव कडाडले तेव्हा कुक्कुट उद्योगाच्या मागणीवरून केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करू दिली आणि हंगामाच्या तोंडावर सोयाबीन उत्पादकांच्या काळजात धस्स झाले. एकाच घरात नवरा सोयाबीन विकणारा आणि बायको पेंड विकत घेणारी असेल, तर सरकारच्या एका निर्णयाने त्या घराचे दोन हात परस्परांविरुद्ध उभे राहतात. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून बाहेर आलेल्या कडकनाथ घोटाळ्यात हजारो शेतकऱ्यांची फसवणूक झाली, तीही 'थोड्यातून पुष्कळ' याच आमिषाने.

आणि शासनाची दिशा कोणती आहे? २०२१ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनासाठी भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांचे अनुदान ठेवले आहे. त्यासाठी किमान एक हजार पैदाशीच्या पक्ष्यांचे केंद्र उभारावे लागते. उरलेला निम्मा खर्च अर्जदाराने बँकेतून किंवा स्वतःच्या खिशातून उभा करावयाचा. ज्याच्याकडे तारण आहे त्यासाठी ही योजना उत्तम आहे. बचत गट आणि सहकारी संस्था कागदोपत्री पात्र आहेत, हेही खरे. पण पात्र असणे आणि बँकेच्या दारातून आत जाणे यांत किती अंतर आहे हे कोणत्याही बचत गटाच्या बाईस ठाऊक आहे. दुसरीकडे, नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून ते लोकसहभागातून द्यावे असे सुचविले. गावच्या मुलाच्या ताटातले अंडे आणि गावच्या बाईच्या खुराड्यातले अंडे यांची सांगड घालण्याची संधी अशा रीतीने घालविण्यात आली.

वास्तविक मार्ग अवघड नाही. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ज्ञानाची वानवा नाही. प्रत्येक तालुक्यात बचत गटांच्या संघाने चालवावयाचे आणि शासनाने भांडवल पुरवावयाचे एक संगोपन केंद्र असावे. त्याने लसीकरण पुरे झालेल्या तलंगा दहा-दहाच्या हिशेबाने विकाव्यात. गावोगाव लशीचा वार ठरलेला असावा आणि शिकविलेल्या बाईने थंड डब्यातून कुपी आणून एका सकाळी सारा गाव उरकावा. शाळेने अंडी गावातूनच, ठरल्या भावाने घ्यावीत. साथीतील भरपाई प्रत्यक्ष बाजारभावाशी जोडावी आणि परसातल्या मेलेल्या पक्ष्यांनाही लागू करावी. तसे झाले तर लोक रोग लपविणार नाहीत आणि त्यात गावाइतकेच शहराचेही हित आहे. आणि सुधारित तलंगांच्या जोडीला प्रत्येक खुराड्यात दोन-तीन गावरान कोंबड्या राहाव्यात, असा आग्रह खुद्द प्रसार कार्यकर्त्यांनीच धरावा. केंद्र बंद पडले, रस्ता तुटला, अनुदान आटले, तरी खुडूक बसणारी एखादी कोंबडी घरात असली म्हणजे सारे संपत नाही.

मुरुंब्यातील साथ आटोक्यात आली, वर्तुळ पुसले गेले, बाजार पुन्हा भरू लागले. पण खुराडे रिकामे झालेल्या घरास पुन्हा पहिली कोंबडी कोठून मिळाली, उधारीवर की सावकारीवर, याची नोंद कोणत्याही दफ्तरात झालेली नाही. जे राज्य मारलेले पक्षी मोजते, त्याने पुन्हा उभी राहिलेली खुराडीही मोजली पाहिजेत. अशी मोजदाद सुरू होईल तेव्हाच परसातल्या कोंबडीला धोरण आहे असे म्हणता येईल.