मांजराचे केस गळतात, चाल बिघडते, तेव्हा...



ज्या घरात ज्वारी-गव्हाची पोती, त्या घरात उंदीर. आणि उंदीर तेथे मांजर. आमच्या धनजमध्ये मांजर म्हणजे घरचा बिनपगारी राखणदारच. पण त्याचे केस गळू लागले, चाल बिघडली की घरात दोन मते पडतात. कोणी म्हणते, नजर लागली, अंगारा लावा. कोणी म्हणते, पोत्यात घालून गावाबाहेर सोडा. आम्ही म्हणतो, दोन्ही नको. आधी कारण शोधा.

अंगावर गोल चट्टे पडून केस गेले असतील तर ते गजकर्ण असू शकते. ते लेकरांनाही लागते. म्हणून मांजर बरे होईपर्यंत त्याला लेकरांच्या अंथरुणात घेऊ नये. शेपटीजवळचे केस गेले असतील तर पिसवा पाहाव्यात. मांजर मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालते, पाणीही फार पिते, तर मधुमेहाची शंका घ्यावी. होय, मांजरालाही मधुमेह होतो! मागचे पाय एकाएकी लुळे व गार पडले, तर क्षणाचाही उशीर करू नये. विषाने मेलेला उंदीर खाल्ल्यानेही मांजराला विषबाधा होऊ शकते.

घरगुती उपाय मात्र जिवावर बेततात. कपाशीवर फवारायचे औषध पिसवांसाठी लावू नये. फिनेलने धुऊ नये. मांजर अंग चाटते, विष पोटात जाते. कुत्र्याचे गोचीडनाशक लावू नये. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजराच्या चालीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत जपानने मोजली आहे. मिनामाता गावी मांजरे झोकांड्या खात, नाचल्यासारखी करीत मरू लागली. मग कोळ्यांची लेकरे आजारी पडली. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून मांजरांच्या व माणसांच्या पोटात जात होता. १९५९ मध्ये कारखान्याच्याच डॉक्टरने मांजरावर प्रयोग करून पाहिला. कंपनीने तो दडपला. सरकारने कारण मान्य केले १९६८ मध्ये! तोवर गरीब मेले.

आपल्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी माणसांचे केस झपाट्याने गळले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणीअंती रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखविले. सेलेनियम जादा झाले तर गुराघोड्यांचेही केस गळतात, खूर बिघडून ती लंगडतात. हा दैवाचा कोप नव्हे. तपासता येणारी गोष्ट आहे.

म्हणून बंधू-भगिनींनो, मांजराला जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. कधीपासून त्रास आहे, काय खाल्ले, घरात कोणते औषध फवारले, हे कागदावर लिहून न्यावे. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला दिली, ती मुक्या जिवाला अंगारा लावून पाळली जात नाही. आणि एकाच वस्तीत अनेक जनावरांना, माणसांना असा त्रास दिसला, तर ग्रामपंचायत व प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच मात्र न विसरता घ्यावी.