धांवपळीच्या आठवड्यांतील आहार

हल्लीं घरोघर एकच तक्रार ऐकूं येते कीं, सोमवारपासून शनिवारपर्यंत नीट जेवावयास सवडच होत नाहीं. मुलगा व सून दोघेंही नोकरीस, नातवंडें शाळेंत व शिकवणीस. मग कोणी कचेरींतच वडापाव खातो, कोणी मोबाइलवरून जिन्नस मागवितो, आणि रात्रीं ज्यास जें सांपडेल तें तो खातो. आमच्या मतें ही उणीव सवडीपेक्षां योजनेची अधिक आहे.

चरकसंहितेंत विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायांत आहाराविषयीं आठ गोष्टींचा विचार करावयास सांगितला आहे: पदार्थाची प्रकृति, त्यावरील संस्कार, संयोग, प्रमाण, देश, काल, जेवणाचे नियम आणि स्वतः जेवणारा. आपण ‘काय खावें’ एवढ्याच प्रश्नांत गुंततों. ग्रंथकारानें मात्र किती, केव्हां व कसें यांसही तितकेंच महत्त्व दिलें आहे.

प्रथम घरची व्यवस्था पाहूं. रविवारीं सर्वांनीं बसून सहा दिवसांची याद करावी. सकाळीं भिजविलेली मटकी रात्रीं उपसून फडक्यांत बांधली कीं सोमवारीं उसळ सिद्ध होते. थालिपिठाची भाजणी व मेतकूट ही तर घाईच्या दिवसांकरितां वडील पिढीनें केलेली तरतूदच होय. धान्य व डाळ एकत्र आल्यानें एकाच्या प्रथिनांतील उणीव दुसऱ्यानें भरून निघते, हें आजचें आहारशास्त्रही सांगतें. चरकाचा ‘संयोग’ येथें प्रत्यक्ष दिसतो.

उरलेल्या भाताविषयीं मात्र सावध असावें. गीतेच्या सतराव्या अध्यायांत शिळें अन्न तामसांस प्रिय असतें असें म्हटलें आहे. आजचें शास्त्र त्याला निराळें कारण जोडतें. कांहीं जंतूंचीं बीजें शिजविल्यानंतरही भातांत जिवंत राहतात. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर ते जंतु वाढून विष निर्माण करूं शकतात, आणि पुन्हां तापविल्यानें तें विष जातेंच असें नाहीं. यास्तव उरलेला भात दोन तासांच्या आंत फ्रिजमध्यें ठेवावा व दुसरे दिवशीं सकाळींच फोडणी देऊन संपवावा.

आतां बाहेरचें जेवण. घरचा डबा सर्वोत्तम. मुंबईंत १८९० च्या सुमारास डबेवाल्यांचा धंदा उभा राहिला तो याच गरजेंतून. तें न साधल्यास खानावळींतील पोळी-भाजी, वरण-भात व ताक, किंवा उडप्याकडील इडली-सांबार घ्यावें. तळलेल्या पदार्थांस जपावें. एकच तेल वारंवार तापविल्यानें बिघडतें. त्यांतील बिघडलेल्या घटकांचें प्रमाण शेंकडा २५ च्या वर गेल्यास तें वापरूं नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आपल्या देशांत लागू आहे. गिऱ्हाइकास तें प्रमाण मोजतां येत नाहीं. परंतु तेल काळपट व दाट दिसलें, फेसाळलें किंवा त्यास उग्र वास आला, तर तेथून उठावें हें बरें.

एवढें सांगूनही मुख्य गोष्ट राहिलीच. स्वैपाक हें एकट्या सुनेचें काम, ही समजूत जोंपर्यंत घरांत आहे तोंपर्यंत रविवारची याद कागदावरच राहणार. तीही दिवसभर राबून येते. सर्वांस वाढून झाल्यावर तिनें गार पोळी घाईघाईनें खावी आणि आपण सात्त्विक आहाराच्या गोष्टी बोलाव्या, हें शोभत नाहीं. ‘जेवणारा’ या शब्दांत तीही येते. आमच्या घरीं भाजी निवडणें व ताक घुसळणें हीं कामें आम्हीं आपल्याकडे घेतलीं आहेत. चिरंजीव कुकर लावतात, नातवंडें पानें मांडतात. यांत पुरुषांस कमीपणा वाटावा असें कांहीं नाहीं. विराटाच्या घरीं भीम बल्लव झाला. आणि बाहुकाच्या वेषांतील नल दमयंतीस ज्या खुणांवरून पटला, त्यांत त्याच्या हातच्या अन्नाची चव ही एक होती.

वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, रोज रात्रींचें जेवण साधें असो, पण तें सर्वांनीं एका पंक्तीस बसून, मोबाइल दूर ठेवून करावें. आणि त्या पंक्तींत स्वैपाक करणारीचेंही पान मांडलेलें असावें.