हक्क विक्रेत्याचे, जोखीम कारागिराची

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा कारागीर ज्या हत्यारांनी काम करतो, त्यांच्या परवान्याचा मसुदा वाचण्याची तसदी चळवळीतील कार्यकर्त्यांनी क्वचितच घेतली असेल. हा विषय वकिलांचा आणि तंत्रज्ञांचा, अशी समजूत आहे. वस्तुतः उत्पादनाच्या साधनांवर मालकी कोणाची, आणि त्या साधनांत दोष निघाला तर भुर्दंड कोणाला, हा प्रश्न समाजवाद्यांना परका असण्याचे काहीच कारण नाही.

१९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी संगणकाच्या छांदिष्टांना उद्देशून एक अनावृत पत्र प्रसिद्ध केले. आल्टेअर संगणकासाठी केलेल्या ‘बेसिक’च्या नकला फुकट वाटणाऱ्यांना त्यांनी चोरांच्या रांगेत बसविले. सहा वर्षांनी, १९८२ मध्ये, अमेरिकेतच अँड्र्यू फ्लुगेलमन आणि जिम नॉफ यांनी नेमका उलटा मार्ग धरला : नक्कल करा, मित्राला द्या, उपयोगी वाटली तर पैसे पाठवा. ‘पीसी-टॉक’साठी फ्लुगेलमन यांनी २५ डॉलर सुचविले होते. पुढच्याच वर्षी बॉब वॉलेस यांचे ‘पीसी-राइट’ आले आणि ‘शेअरवेअर’ हे नाव या पद्धतीला चिकटले. लवकरच असेंब्लर, कंपायलर, दोषशोधक अशी कारागिराची हत्यारेही याच वाटेने येऊ लागली. एरिक आयझॅक्सन यांचा ‘ए८६’ हा असेंब्लर त्यांपैकी नावाजलेला. दुकानदार, वितरक, जाहिरातवाले यांना वगळून उत्पादक आणि वापरणारा यांची थेट गाठ घालून देणारी ही पद्धत होती. तिचे हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु हत्यार म्हणजे करमणुकीची वस्तू नव्हे. कंपायलरने तयार केलेल्या प्रत्येक आज्ञावलीत त्याच्या स्वतःच्या संचातील काही भाग मिसळलेला असतो. त्यामुळे हत्याराचा परवाना कारागिराच्या मालापर्यंत पोचतो. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी काही कंपायलर-विक्रेते कारागिराच्या विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी मागत. आपल्याकडील बलुतेदारीत सुताराला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. पण त्या बदल्यात मोडलेला नांगर दुरुस्त करून देणे हे त्याचे वर्षभराचे कर्तव्य असे. ती व्यवस्था जातीच्या जुलमावर उभी होती आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही वाट्याबरोबर जबाबदारी येते, एवढे तिलाही मान्य होते. या नव्या सावकारांना बलुते हवे होते, नांगराची दुरुस्ती मात्र नको होती. दुसरा मार्ग नव्हता, असेही नाही. १९८३ मध्ये बोरलँड कंपनीने ‘टर्बो पास्कल’ ४९.९५ डॉलरला विकले, त्याने तयार झालेल्या मालावर रॉयल्टी मागितली नाही, आणि ‘हे पुस्तकासारखे वापरा, एका वेळी एकाच ठिकाणी’ अशा आशयाचा सरळ परवाना दिला. त्या कंपनीचा धंदा त्यामुळे बुडाला नाही.

आता हमीकडे वळावे. ‘जसे आहे तसे’ हे या परवान्यांचे ब्रीद. माल विक्रीयोग्य आहे याची हमी नाही, विशिष्ट कामाला उपयुक्त आहे याची नाही, आणि नुकसानभरपाई फार तर दिलेल्या किमतीएवढी. नोंदणीपूर्वी किंमत शून्य, म्हणून भरपाईही शून्य. हा मजकूर मोठ्या अक्षरांत का छापतात? अमेरिकेच्या समान वाणिज्य संहितेनुसार गृहीत हमी नाकारावयाची तर ती ठळकपणे नाकारावी लागते. ग्राहकाने सावध व्हावे म्हणून केलेला नियम अशा रीतीने विक्रेत्याचे कवच बनला.

घरी बसून एकट्याने असेंब्लर लिहिणाऱ्या माणसाने एखाद्या बँकेचे नुकसान भरून द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. त्याचा नकार रास्तच आहे. पण तोच मजकूर, त्याच शब्दांत, बलाढ्य कंपन्यांच्या खोक्यांवरही झळकतो. १९९३ मध्ये मॉर्टेन्सन या बांधकाम कंपनीने टिंबरलाइनच्या आज्ञावलीवर भिस्त ठेवून सिएटलमधील एका रुग्णालयाच्या कामाची निविदा भरली, ती १९.५ लाख डॉलरनी कमी निघाली. दोष आज्ञावलीत होता. विक्रेत्याला तो आधीच ठाऊक होता आणि काही ग्राहकांना सुधारित प्रत दिलीही गेली होती. २००० साली वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परवान्यातील मर्यादाच ग्राह्य धरली! १९९१ च्या स्टेप-सेव्हर खटल्यात दुसऱ्या एका न्यायालयाने खोक्यावरील असा नकार करारबाह्य ठरविला होता. १९९६ च्या प्रोसीडी निकालाने वारे फिरले, ते फिरलेच.

यावर एक आक्षेप हमखास येतो : १९८९ चा जीएनयू परवानाही हमी देत नाही, मग त्याचा गौरव का? कारण तो मूळ संहिता हाती देतो. दोष शोधा, दुरुस्त करा, दुरुस्त प्रत वाटा, असे तो सांगतो. शेअरवेअरचा विक्रेता बहुधा संहिता देत नाही, आणि पुष्कळ परवान्यांत तर यंत्रसंहिता उलगडून पाहण्यासही मनाई असते. दुरुस्ती तो करणार नाही आणि दुसऱ्याला करू देणार नाही. याला करार कसा म्हणावयाचा?

भारतात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सीच्या प्रकरणात तयार आज्ञावली हा ‘माल’ असल्याचे ठरविले, पण ते विक्रीकराच्या वसुलीसाठी. कर घेताना माल, आणि दोष निघाला की नुसता परवाना, ही दुटप्पी रीत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आली खरी. परंतु व्यापारी हेतूने खरेदी करणारा त्यातून वगळला गेला, अपवाद फक्त स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याचा. युरोपीय संघाने २०२४ मध्ये उत्पादन-दायित्वाच्या निर्देशात आज्ञावलीला उत्पादन मानले, व्यापाराबाहेरच्या मुक्त आज्ञावलीला सूट दिली आणि सदस्यराष्ट्रांना ९ डिसेंबर २०२६ ची मुदत घातली. तेथेही भरपाई आहे ती व्यक्तीच्या शरीराची, खासगी मालमत्तेची. धंद्यातील तोटा बाहेरच राहिला आहे. म्हणून मागणी नेमकी असावी : जो विक्रेता संहिता दडवितो, त्याला ज्ञात दोषाची जबाबदारी परवान्याने झटकता येऊ नये, आणि हत्याराच्या मालकाला कारागिराच्या मालावर हक्क सांगता येऊ नये. ग्राहक कायद्यातील व्यापारी हेतूचे कलम त्यासाठी प्रथम बदलावे लागेल.