विदूषकाची हकालपट्टी

नाटकाचें नांव काढतांच पुष्कळ पालकांच्या कपाळास आठी पडते. पोरें थट्टामस्करी शिकतात, सबब नाटकच नको, असें त्यांचें म्हणणें. अठराव्या शतकांत जर्मनींतील विद्वानांमध्यें हाच वाद माजला होता. त्याची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्या काळीं फिरत्या मंडळ्या गांवोगांव खेळ करीत, आणि कथानक कितीहि गंभीर असो, मध्येंच विदूषक येऊन अचकटविचकट कोट्या करी. लाइप्झिग येथील प्राध्यापक गॉटशेड यांस हें असह्य झालें. फ्रेंच धर्तीचीं नियमबद्ध नाटकें आणण्याचा त्यांनीं चंग बांधला, आणि त्यांच्या पक्षाच्या कॅरोलिने नॉयबर या कर्तबगार नटीनें १७३७ सालीं विदूषकास रंगभूमीवरून जाहीरपणें हद्दपार केलें. (पुढें १७४१ सालीं याच बाईंनीं गॉटशेड यांचेंच सोंग रंगभूमीवर आणलें, तो भाग निराळा !)

हेतु चांगला होता, हें आम्हांस मान्य आहे. परंतु विदूषकाच्या जागीं नियमांची पोथी येऊन बसली. खुद्द गॉटशेड यांचें 'मरणोन्मुख केटो' हें नाटक बहुतांशीं इंग्रजी व फ्रेंच नाटकांवरून जुळविलेलें होतें. पाद्र्याचे पुत्र लेसिंग (१७२९–१७८१) यांनीं हें वर्म ओळखलें. ती हद्दपारी हाच सर्वांत मोठा फार्स होय, असें त्यांनीं १७५९ सालीं लिहिलें व शेक्सपिअरकडे बोट दाखविलें. शिवाय नुसती टीका करून न थांबतां त्यांनीं स्वतः सरस नाटकें लिहिलीं. हा मार्ग कष्टाचा खरा. मनाईहुकूम काढणें त्याहून पुष्कळ सोपें. तरीहि आमच्या पालकांनीं लेसिंग यांचाच मार्ग धरावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पुढें मनाईची पाळी लेसिंग यांच्यावरच आली. धर्मविषयक वादामुळें १७७८ सालीं ब्रन्सविकच्या ड्यूकनें त्यांची लेखणी अडविली. तेव्हां त्यांनीं रंगभूमीचा आश्रय करून १७७९ सालीं 'ज्ञानी नाथान' हें नाटक प्रसिद्ध केलें. त्यांत एक यहुदी व्यापारी सुलतान सलाउद्दीनास तीन आंगठ्यांची गोष्ट सांगतो. पित्यानें तिघां पुत्रांस दिसण्यांत अगदीं सारख्या आंगठ्या दिल्या. खरी कोणती, तें ज्याच्या त्याच्या वर्तनावरूनच कळावयाचें. हें नाटक रंगभूमीवर आलेलें पाहणें कर्त्याच्या नशिबीं नव्हतें. बर्लिन येथें त्याचा पहिला प्रयोग झाला तो १७८३ सालीं. नाझी राजवटींत सरकारी नाट्यगृहांतून तेंहि हद्दपार झालें. १९४५ च्या सप्टेंबरांत, युद्धानें उध्वस्त झालेल्या बर्लिनांत 'डॉइचेस थिएटर' पुन्हां उघडलें, तें याच नाटकानें.