जुनें संगीत कोणाचें?

‘जुनें संगीत’ म्हटलें कीं आमच्या सुशिक्षित रसिकाच्या डोळ्यांपुढें व्हिएन्ना उभें राहतें. निकोलाउस हार्नोनकूर व त्याची पत्नी आलिस यांनीं १९५३ सालीं ‘कॉन्सेंटस म्यूझिकस’ हा वृंद स्थापिला, जुनीं वाद्यें मिळवून चार वर्षें तालीम केली आणि १९५७ सालीं तो श्रोत्यांपुढें आणला, हें वृत्त ते भक्तिभावानें सांगतात. सांगोत बापडे! त्या दांपत्याचा उद्योग थोर यांत संशय नाहीं. पण ज्या परंपरेचे गाणारे जिवंत आमच्या दाराशीं येऊन उतरले, तिची वार्ताही या रसिकांच्या कानीं नसावी, याला रसिकता म्हणावें कीं नुसतें अनुकरण?

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या महायुद्धकालीन छावणींत आसरा मिळाला. १९४९ सालीं तिचें उल्हासनगर झालें, तरी ‘कँप दोन’ हें लष्करी नांव अजून लोकांच्या जिभेवर आहे. आम्हां मराठी मंडळींना या कँप दोनची ओळख काय? स्वस्त कापड आणि ‘मेड इन यू.एस.ए.’ ही शिळी थट्टा. असो.

त्या निर्वासितांबरोबर ‘भगत’ आला. पायघोळ झगा, डोकीवर पगडी, पायांत घुंगरू असा एक मुख्य गायक, त्याच्याभोवतीं सूर उचलणारे साथीदार आणि ढोलक. गाणें, नाचणें व कथा सांगणें एकत्र, तेंही रात्र रात्र. आमचें कीर्तन आणि आमचा गोंधळ ज्यानें पाहिला आहे, त्याला हें परकें वाटूं नये. भगत कंवरराम यांचा १९३९ सालीं रुक स्थानकावर खून झाला. त्यांचें नांव घेतांच म्हाताऱ्या सिंधी माणसाचा हात अजून कपाळाकडे जातो. आणि हे हिंदु भगत मारुईची कथा गात. शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) या मुसलमान कवीनें अमर केलेली. उमरकोटच्या राजवाड्यांत कोंडलेली मारुई रेशमी वस्त्रें नाकारून आपल्या गांवची जाडीभरडी घोंगडी सोडीत नाहीं. बराकींत संसार मांडणाऱ्यांना तिचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नसेल.

‘पण हें लोकसंगीत’ असें म्हणून नाक मुरडणारे पंडित आहेतच. त्यांनीं शाहांच्या काव्याची मांडणी एकवार पाहावी. तेथें प्रकरणांना ‘सूर’ म्हणतात आणि त्यांचीं नांवें केदारो, सोरठ, रामकली, बिलावल अशीं आहेत. पहिल्याच सुराचें नांव कल्याण. निर्वासित उतरले तेही कल्याणासच! भिट येथें शाहांच्या दर्ग्यावर फकीर दंबुऱ्यावर तें काव्य अद्याप गातात. व्हिएन्नेंतील वृंदाला वाद्यें शोधून काढावीं लागलीं. या सुरांना तसा खंड कधीं पडलाच नाहीं.

‘मग सिंधी लोकांनींच तें जपावें’ हा दुसरा आक्षेप. त्यांचा दोष आहेच. कर्णे लावून सिनेमाच्या चालींवर देवाचीं गाणीं म्हणणाऱ्यांना मी मोकळें सोडीत नाहीं. परंतु खरी अडचण लिपीची आहे. आजोबांच्या वह्या अरबी वळणाच्या सिंधी लिपींत, नातवंडें देवनागरींत वा इंग्रजींत शिकलेलीं. १९६७ सालीं सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत गेली, पण त्यानें वही वाचतां येत नाहीं. हें दुःख आम्हांस नवें नाहीं. किती मराठी घरांतील मोडीचे रुमाल वाचणाऱ्यावांचून वाळवीस गेले! ज्यांनीं तें भोगलें त्यांनींच ‘आम्हांस काय त्याचें?’ म्हणावें, हें मला असह्य होतें.

हार्नोनकूरचीं ध्वनिमुद्रणें ज्यांच्या कपाटांत आहेत, भातखंड्यांची स्वरलेखनपद्धति ज्यांना येते, त्यांनीं एका रविवारीं कल्याणहून कर्जतच्या गाडीनें दुसऱ्या स्थानकावर उतरावें. वही, पेन्सिल आणि लिपि वाचणारा एक वृद्ध, एवढेंच लागेल. वृद्ध मात्र वर्षागणिक कमी होत आहेत.