हवाई अंतराची भिंत कोणासाठी?

कोल्हापूरच्या शिरोळ-कागल पट्ट्यात ऊसदराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: बाजार मोकळा सोडला तर लहान शेतकरी मरेल. सहकारात आयुष्य घालवलेली माणसं हे कळकळीने म्हणतात, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

दोन साखर कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतर असावं, असं केंद्राचा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. महाराष्ट्राने ते २५ केलं. समर्थक म्हणतात, ही अट नसेल तर कारखाने एकमेकांचा ऊस ओढतील आणि सहकार बुडेल. पण ऊस जातो तो जास्त दर देणाऱ्याकडे, शेतकऱ्याच्या मर्जीने. चांगला दर आणि चोख काटा देणाऱ्या कारखान्याला स्वतःच्याच सभासदांची भीती का वाटावी? अंतराच्या आड सुरक्षित राहतो तो गलथान कारभार.

या अटीची किंमत फडात कळते. जानेवारीत आडसाली उसाला तुरा येतो, वजन घटू लागतं आणि तोडणी टोळीचा पत्ता नसतो. शेतकरी तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरतो. टोळी आली की वरचे पैसे म्हणून खुशाली मागते, गाडीवालाही तसेच एंट्रीचे पैसे मागतो. तोडलेला ऊस घरात साठवता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जवळ दुसरं गिऱ्हाईक असतं तर हा माणूस एवढा अगतिक झाला असता का?

त्यातही कोल्हापूरला दराची घासाघीस जमते, याची दोन कारणं मला दिसतात: उसातून साखरेचा चांगला उतारा आणि सीमेपलीकडचे कर्नाटकातले कारखाने. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने परराज्यात ऊस पाठवायला बंदी घातली. शेतकरी नेते राजू शेट्टींसह शेतकऱ्यांनी विरोध केला आणि काही दिवसांत बंदी मागे घ्यावी लागली. बाजाराला भिणारा शेतकरी त्या वेळी मला कुठेच दिसला नाही. गिऱ्हाईक तोडलं जातंय म्हणून तो चिडला होता.

दुसरा आक्षेप साखर महागण्याचा. देशातली निम्म्याहून अधिक साखर मिठाई, शीतपेयं, बिस्किटं अशा धंद्यांत जाते. त्यांच्या स्वस्ताईसाठी निर्यात रोखायची आणि डिसेंबर २०२३ सारखा एका रात्रीत उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणायचा, हा भार उत्पादकाने का उचलावा? गरिबाला साखर स्वस्त द्यायची तर सरकारने तिजोरीतून द्यावी.

मग एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दरही नको का? तसं मी म्हणत नाही. गिऱ्हाईक एकच असेल तोवर किमान दर लागणारच. रंगराजन समितीने २०१२ मध्येच अंतराची अट टप्प्याटप्प्याने काढून साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला देण्याची शिफारस केली होती. कारखान्यांनी सरकारला स्वस्तात द्यायची लेव्ही साखर २०१३ मध्ये गेली, अंतर मात्र जागच्या जागी आहे. शिवाय मोकळा बाजार म्हणजे बेबंदशाही नव्हे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज, हा कायदा सरकारने राबवलाच पाहिजे. राज्याने मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. तो मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. खरेदीदारावर बंधन घालायची वेळ आली तेव्हा सरकारने त्याला सवलत दिली, ही बाब मला सर्वांत जास्त खटकते.

सरकारने काय करावं, याचा नमुना कोल्हापुरातच आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, पुढे राधानगरीचं धरण हाती घेतलं, मुलांसाठी वसतिगृहं काढली. पेठ, पाणी, शिक्षण ही राज्यसंस्थेची कामं. ती तिने ताकदीने करावीत.

आणि ऊसतोड मजूर? इथे मी बाजाराच्या कट्टर समर्थकांनाही विरोध करतो. बीडकडून आलेलं जोडपं टोळीच्या मुकादमाकडून मजुरीची आगाऊ उचल घेतं आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाऊ शकत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाईची मजुरी तिच्या हातात पडत नाही. याला खुशीचा करार म्हणणं मला मान्य नाही. शेतकऱ्याला कारखाना बदलता यावा, तसा मजुरालाही मालक बदलता आला पाहिजे. टनामागची मजुरी कारखान्याने दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत थेट भरावी. गावाकडचं रेशनकार्ड फडाजवळच्या दुकानात खरोखर चालावं आणि मुलं हंगामभर गावच्या वसतिगृहात राहून शिकावीत. या कल्याणाचा खर्च सरकारने आनंदाने करावा. त्यासाठी कोणाचाही ऊस अडवावा लागत नाही.