चौथा उद्गार

'तू ख्रिश्चन आहेस? मग मराठी इतकं चांगलं कसं काय बोलतेस?'

नवी टीम मिळाली की हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं. अरे बाबांनो, आम्ही नगरचे. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण लागायला वेळ लागतोय.) आमच्याकडे नाताळाला करंज्या आणि चिवडा असतो. आजी नऊवारी नेसून चर्चला जायची. चर्चमध्ये पेटी-तबल्यावर टिळकांची गाणी होतात. टिळक म्हणजे केसरीवाले नव्हेत, रेव्हरंड नारायण वामन टिळक. यावर सगळे 'सही!' म्हणतात आणि विषय केककडे वळतो.

खरं सांगू? माझं ख्रिस्तीपणही केकपुरतंच उरलं होतं. केक, खिडकीतला स्टार आणि फॉर्ममधल्या धर्माच्या रकान्यात एक शब्द. पुण्यात नोकरीला लागल्यापासून रविवार म्हणजे झोप. आईचा फोन यायचा, 'उपासनेला गेली होतीस ना गं?' मी 'हो' म्हणून पांघरूण डोक्यावर ओढायचे.

मग २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आईला ब्रेस्ट कॅन्सर निघाला.

दर एकवीस दिवसांनी केमो, एकूण आठ. मी शुक्रवारी रात्री एसटीने नगरला आणि सोमवारी पहाटे परत. बसमध्ये लॅपटॉप उघडायचा आणि शिरूर येईपर्यंत मेल संपवायचे. रात्री तीन वाजता मोबाइलवर टक्केवारी शोधत बसायचे. किती जणी पाच वर्षं जगतात, वगैरे. असली टक्केवारी रात्री तीनला कधी वाचू नका, एवढा एक फुकटचा सल्ला देते.

आणि सल्ल्यांचं म्हणाल तर रांग लागली होती. 'बी पॉझिटिव्ह.' ऑफिसात वेलनेसवाल्या बाईंनी ऑनलाइन सेशन घेतलं. रोज सकाळी आभार मानाव्यात अशा तीन गोष्टी लिहा म्हणाल्या. मी कॅमेरा बंद करून ढसाढसा रडले. चर्चमधली मंडळीही कमी नव्हती. 'देव परीक्षा बघतोय, विश्वास ठेव.' त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मला वाटायचं, ही कसली परीक्षा, जिचा सिलॅबस कुणी सांगत नाही आणि पेपर मात्र माझ्या आईला? प्रार्थना बंद झाली. देवाला मी म्युटवर टाकलं होतं.

एप्रिलमध्ये आईचा फोन आला. 'उत्तम शुक्रवारी मला चौथा उद्गार दिलाय. येशील ना?'

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून येशू सात वेळा बोलला, म्हणून सात उद्गार. एकेका उद्गारावर एकेक जण बोलतो. पाळक असतात, महिला मंडळातली एखादी बाई असते, एखादा तरुण असतो. चौथा उद्गार सगळ्यात अवघड. त्यात येशू देवालाच विचारतो, तू मला का सोडून दिलंस?

'आई, सहा केमो झाल्यात. तुला उभं तरी राहवेल का?'

'खुर्ची ठेवणार आहेत. आणि चौथ्यावर बोलायला दुसरं कुणी तयारच नाही. सगळ्यांना पहिला हवाय.'

१८ एप्रिल २०२५. बाहेर नगरचं ऊन, आत पंख्यांची घरघर. बहुतेक जण पांढऱ्या कपड्यांत. पहिले तीन उद्गार लांबले, लांबतातच. मग आई उठली. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, हातात वहीचं एक पान. माझी आई तीस वर्षं शाळेत मराठी शिकवायची, तेव्हा बोलली तीही वर्गात बोलल्यासारखीच.

ती म्हणाली, शुभवर्तमानं लिहिली ग्रीक भाषेत. पण हा प्रश्न मत्तय आणि मार्क या दोघांनी येशूच्या रोजच्या बोलीतच ठेवला आणि पुढे त्याचा अर्थ दिला. का ठेवला असेल? काही वाक्यं ऐकणाऱ्याच्या कानातून जात नाहीत, म्हणून. माझे वडील गेले तेव्हा जे शेवटचं बोलले, ते मी प्रमाण मराठीत सांगूच शकत नाही.

मग म्हणाली, हा प्रश्न येशूचा स्वतःचा नाही. तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. त्याने तो लहानपणापासून ऐकला असणार. आपण गाण्याची पहिली ओळ म्हटली की बाकीच्यांना पुढचं येतं, तसं. त्या स्तोत्रात आधी भरपूर तक्रार आहे. हाडं निखळल्याची, लोक हसल्याची, तोंडाला कोरड पडल्याची. शेवटाकडे मात्र ते स्तुतीकडे वळतं. पण शेवटाकडे. तक्रार आधी पुरी करायची असते.

इथे ती थांबली, पाणी प्यायली आणि कागद घडी करून ठेवला.

'मी पण विचारलं,' ती म्हणाली. 'डिसेंबरात, बाथरूमचं दार लावून. मोठ्यांदा. मला वाटलं, माझा विश्वास गेला. मग हे आठवलं. ज्याने सोडलं असं वाटतं, त्यालाच विचारलं ना त्याने? दुसऱ्या कुणाला नाही. म्हणजे बोलणं चालूच होतं.'

आणि बसली. चार मिनिटंही झाली नसतील.

मला काही प्रकाशबिकाश दिसला नाही. एवढंच झालं की पाच महिने छातीवर ठेवलेली वीट थोडी सरकली. घरी आले, गादीवर पडले आणि देवाला जे काही बोलायचं होतं ते बोलले. इथे छापण्यासारखं नव्हतं. मग झोपले, सलग सात तास. उठल्यावर कळलं की टक्केवारी बघायची राहून गेली.

नंतर स्तोत्रसंहिता काढली. दीडशे स्तोत्रं, त्यातली कितीतरी रडगाणी. अठ्ठ्याऐंशीवं तर संपतंच अंधारावर. पुढे काही नाही. आणि तरीही कुणीतरी ते पवित्र ग्रंथात ठेवलं, गाळलं नाही. आमच्या घरी बायबलला लागून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' असतं. तेही पुन्हा वाचलं. नवऱ्याने १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, बाईंनी घेतला तो १९००मध्ये. मधली वर्षं राग, रडणं, ताटातूट, सोवळं. विश्वास म्हणजे एका रात्रीत बसणारी गोष्ट असं मला उगाच वाटत होतं. बाईंना पाच वर्षं लागली, मी पाच महिन्यांतच नापास कशी होईन?

काळजी गेली का? नाही. अजूनही स्कॅनच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो. फरक इतकाच की आता तो गोळा घेऊन मी एकटी बसत नाही. रविवारी चर्चला जाते, दोनदा झोप लागून बुडालंय. 'हो' असं खोटं सांगत नाही.

त्याच आठवड्यातलं एक सांगायचं राहिलं. ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे दफनभूमीत उपासना होते. अंधारात मेणबत्त्या, मग उजाडत जातं आणि गाणी सुरू होतात. मेलेल्यांच्या मधोमध उभं राहून जिवंत होण्याची गाणी म्हणायची, हा प्रकार लहानपणी मला जाम भीतीदायक वाटायचा. यंदा आई माझ्या दंडाला धरून आजीच्या कबरीपाशी उभी होती. उपासना संपल्यावर तिने शेजारची जागा नजरेने मापली.

'इथं होईल गं मला. पण घाई नाही.'

'आई!'

'अगं, बघून ठेवलं फक्त. चल, सातवी शुक्रवारी आहे, त्याआधी मला भजी खायचीयेत. नंतर तोंडाला चव नसते.'

भजीवाल्याची गाडी अजून उघडायची होती. आम्ही दोघी बाकड्यावर बसून राहिलो.